तंजावरचे रुमाल आणि आपल्या मंडळाचे कपाट

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहास्तव थोडे नीटनेटके करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



सर्वप्रथम एक खुलासा करतो. मी इतिहासकार नाही, प्राध्यापक नाही आणि साहित्यिक तर मुळीच नाही. बेळगावला स्थापत्यशास्त्राची पदविका घेतली आणि रेल्वेत लागलो. रूळ, खडी, पूल आणि मोऱ्या यांत वीस वर्षे गेली. तेव्हा अध्यक्ष काकांनी "यंदा एक व्याख्यान तुमचे" असे सांगितल्यावर मी त्यांना म्हणालो, "काका, मी रुळांच्या सांध्यांवर बोलू का?" ते म्हणाले, "त्यावर बोललात तर मंडपात फक्त गणपती बसेल, आणि तोही नाइलाजाने." म्हणून आज विषय वेगळा घेतला आहे. तो जुन्या कागदांचा आहे. पण माझ्या दृष्टीने तो माझ्या नोकरीपासून फार लांबचा नाही, हे बोलता बोलता आपल्या लक्षात येईल.

ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत तो देव नुसता विघ्नहर्ता नाही, तो लेखनिकही आहे. महाभारत सांगणारे व्यास आणि लिहून घेणारा गणपती, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. या दोन्ही अटी लक्षात ठेवा. शेवटी मी पुन्हा तिथे येणार आहे.

चार वर्षांपूर्वी मी, सौ. आणि आमची मुलगी असे तिघे तंजावरला गेलो होतो. बंगळूरहून रात्रीच्या गाडीत बसलो आणि सकाळी उतरलो. बृहदीश्वराचे देऊळ पाहिले. हजार वर्षांपूर्वीचे ते दगडाचे काम पाहून माझ्यातला पदविकाधारक गप्पच झाला. पण खरा धक्का पुढे होता. देवळाच्या भिंतीवर देवनागरीत कोरलेला एक लांबलचक शिलालेख आहे. जवळ जाऊन वाचू लागलो तर तो चक्क मराठीत! तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला आहे. मी मोठ्याने चार ओळी वाचल्या तेव्हा शेजारचे तमिळ कुटुंब थांबून ऐकू लागले. त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करतो.

ती छाती दुपारी खाली आली. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत जुने कागद मांडले आहेत. त्यांत एक कागद मोडीतला होता. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने खालची पाटी वाचली आणि विचारले, "बाबा, ही भाषा मराठी आहे असे लिहिले आहे. मग तुम्ही वाचत का नाही?" मी म्हणालो, "बेटा, ही लिपी वेगळी आहे." ती म्हणाली, "पण आपलीच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

आता बंगळूरकरांचा तंजावरशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले आणि शहाजीराजांकडे ही जहागीर आली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, येथेच होते. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले आणि ते तिकडे स्थायिक झाले. तिथून बंगळूर सांभाळणे अवघड, म्हणून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना विकायचे ठरले. व्यवहार पुरा होण्याआधीच मोगल फौज आली, आणि शेवटी १६८७ साली त्याच सुमाराच्या रकमेला मोगलांकडूनच हे शहर म्हैसूरकरांकडे गेले. आज पीण्यात तीन लाखांत एक चांगले लेथ मशीनसुद्धा येत नाही, हा भाग सोडा! सांगायचे इतकेच की तंजावरचे मराठी राज्य हे बंगळूरच्या मराठी घराचीच पुढची शाखा आहे.

या घराण्याने तलवारीपेक्षा लेखणी जास्त चालवली. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले आणि मराठीत नाटके लिहिली. आपण शाळेत शिकलो की मराठी नाटक १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर'ने सुरू झाले. तंजावरच्या हस्तलिखितांनी दाखवून दिले की त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी कावेरीच्या काठी मराठी नाटके लिहिली जात होती. ते कागद नसते तर ही गोष्ट कुणाला कधी कळलीच नसती.

या सर्वांत मोठे काम सरफोजीराजे दुसरे यांचे. ते १७९८ साली गादीवर आले आणि १७९९ सालीच राज्यकारभार इंग्रजांच्या हातात गेला. राजांकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग उरला. आपल्यापैकी एखाद्याने मनस्ताप करून घेतला असता. या माणसाने ग्रंथ जमवले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी युरोपातून पुस्तके मागवली, देशभरातून हस्तलिखिते आणवली, जी मिळाली नाहीत त्यांच्या नकला करून घेतल्या. १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला काशीयात्रेला गेले, तेव्हा तिकडूनही पोथ्या आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि त्यात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापले. जगाचा भूगोल लोकांना कळावा म्हणून 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी गेय नाट्य रचले. त्यात भविष्य सांगणारी कोरवंजी भविष्याऐवजी जगातले देश आणि समुद्र सांगते! लोकशिक्षण म्हणजे काय, ते या राजाला उमगले होते. ग्रंथ कपाटात ठेवणे हे अर्धे काम, ते लोकांच्या तोंडी घालणे हे उरलेले अर्धे.

याच संग्रहात राजांच्या पदरच्या वैद्यांनी केलेल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आहेत, डोळ्यांच्या चित्रांसह. आपल्या काळातल्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून लेख लिहिले. स्वयंपाकाचा ग्रंथ आहे, 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचा. आता महिलावर्ग विचारील की सांबार खरेच संभाजीराजांच्या नावावरून आले का. ती गोष्ट सांगायला गोड आहे, पण कागद दाखवा म्हटले की सगळे गप्प बसतात. गोष्ट आणि कागद यांतला फरक हाच.

१८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे वारले, पुत्र नव्हता, आणि इंग्रजांनी सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई साहेबांचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ साली निकाल विरुद्ध लागला, पण पुढे सरकारने खाजगी मालमत्ता परत केली. या सगळ्या उलथापालथीत पोथ्या वाचल्या. बर्नेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० च्या सुमारास छापली गेली. आणि १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. हे १९१८ साल लक्षात ठेवा, त्याच्याशी माझ्या घरचाही संबंध आहे.

आता मोडीकडे येतो. राजवाड्याचा रोजचा कारभार मोडीत चाले. असे तेराशेहून अधिक रुमाल तिथे होते. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुन्या दप्तरात कागदांचा गठ्ठा ज्या कापडात बांधत त्याला रुमाल म्हणतात. या मोडी कागदांपैकी बरेचसे पुढे तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाकडे गेले. हे विद्यापीठ १९८१ साली स्थापन झाले. आणि तिथे एक विलक्षण काम झाले. तमिळ विद्वानांनी मोडी वाचून निवडक कागदांचे तमिळमध्ये भाषांतर केले आणि १९८०च्या दशकात विद्यापीठाने ते खंडांच्या रूपाने छापले. कारण त्यांना त्यांच्या जिल्ह्याचा इतिहास हवा होता. कोणत्या छत्रात किती लोक जेवले, कोणत्या देवळाला काय नेमणूक होती, कोणाला किती पगार होता, हे सारे त्या मराठी कागदांत होते. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रासारख्या ठिकाणी अन्नदान, शाळा आणि दवाखाना एकत्र चालत असे. ते सारे त्यांच्या गावाचे होते, म्हणून त्यांनी परकी लिपी शिकण्याचे कष्ट घेतले.

विचार करा मंडळी. तमिळ माणूस मोडी शिकून आपल्या आजोबांची भाषा वाचतो, आणि आपण 'मराठी पाऊल पडते पुढे' म्हणून टाळ्या वाजवतो. मी कुणाला बोल लावत नाही. मी स्वतः त्याच रांगेत उभा होतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात असा जो भाग असतो त्याला विशेष संग्रह म्हणतात. नेहमीच्या ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते. इथे तसे नाही. पिशवी बाहेर ठेवायची, शाईचे पेन आत न्यायचे नाही, शिसपेन्सिलीनेच टिपण घ्यायचे, आणि एका वेळी एकच पेटी टेबलावर. पहिल्यांदा वाटते, काय हा सोवळेपणा! पण जी वस्तू जगात एकच आहे तिच्याशी असेच वागावे लागते. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती संगणकावर सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहे. मोबाईलवर शब्द टाका, अर्थ हजर.

अमेरिकेत मराठी पुस्तके गेली कशी, ही एक गंमतच आहे. आपल्यातल्या ज्येष्ठांना लाल मिलो आठवत असेल. अमेरिकेच्या १९५४च्या कायद्याखाली, ज्याला आपण पी.एल. ४८० म्हणतो, आपल्याला धान्य मिळे आणि त्याचे पैसे आपण रुपयांत देत असू. ते रुपये भारतातच खर्च करायचे होते. १९६२ पासून त्यातल्या काही रकमेतून तिथल्या निवडक विद्यापीठांसाठी भारतातल्या सर्व भाषांतली पुस्तके विकत घेतली गेली. म्हणजे आपण गहू खाल्ला आणि त्याच्या बदल्यात आपली कथा-कादंबरी तिकडे जाऊन सुरक्षित कपाटात बसली. इकडे त्याच पुस्तकांच्या प्रती वाळवीने खाल्ल्या.

लांब कशाला, आपल्याच शहरात पाहा. हेब्बाळच्या पुढे कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. तिथे २०१९ साली विज्ञानाच्या इतिहासाचे अभिलेखागार उघडले. शास्त्रज्ञांची पत्रे, वह्या, छायाचित्रे, ध्वनिमुद्रित मुलाखती तिथे जपल्या जातात. विशेष म्हणजे ते फक्त शास्त्रज्ञांसाठी नाही. कुणीही आगाऊ कळवून जावे आणि पाहावे. व्याख्याने होतात, प्रदर्शने होतात, विद्यार्थ्यांना हाताशी धरून कागद कसा नोंदवायचा ते शिकवतात. दुसरे उदाहरण मिथिक सोसायटीचे. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २०२१ पासून बंगळूर परिसरातले शिलालेख संगणकीय यंत्राने त्रिमितीत टिपायला सुरुवात केली. या शिलालेखांचा शोध कोण घेते? सामान्य नागरिक. हेब्बाळला एका वीराचा दगड सापडला, तो इसवी सन ७५० च्या सुमाराचा. कानडी माणसाने तो धुऊन पुसून, मंडप बांधून उभा केला. इतकी वर्षे तो तिथेच पडून होता, फक्त कुणी वाचला नव्हता.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. आमच्या खात्यात प्रत्येक पुलाला नंबर असतो आणि प्रत्येक नंबराची नोंदवहीत पाने असतात. बंगळूरहून तुमकूर, अर्सीकेरेमार्गे हुबळीकडे जाणारा मार्ग १८८०च्या दशकातला. त्याचा बराचसा भाग सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने घातला. नावातच मराठा, पाहा! एका पावसाळ्यात एका जुन्या पुलाच्या खांबाजवळची माती वाहून गेली. पाया किती खोल आहे हे कळल्याशिवाय गाड्यांचा वेग ठरवता येईना. खणून पाहायचे तर पाणी चढलेले. आमच्यातल्या एका निवृत्तीला आलेल्या ट्रेसर अण्णांना आठवले की वरच्या कपाटात मेणकापडावर काढलेला एक नकाशा आहे. काढला. कापड पिवळे पडले होते पण रेघ न् रेघ शाबूत. पाया किती फुटांवर खडकात बसवला आहे ते त्यावर लिहिले होते. दोन तासांत निर्णय झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या कुण्या कारकुनाने तो कागद नीट गुंडाळून, नंबर घालून ठेवला होता. त्याचे नाव मला ठाऊक नाही, पण त्या रात्री शेकडो प्रवासी त्याच्या भरवशावर पूल ओलांडून गेले.

आणि आता ज्याची मला आजही लाज वाटते ती गोष्ट. आमचे मूळ गाव चिकोडी तालुक्यात. माझे पणजोबा एका सावकाराकडे दिवाणजी होते. घराच्या माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती, लाल कापडात बांधलेल्या मोडी कागदांनी भरलेली. २००६ साली वाटणी झाली, जुने घर पाडायचे ठरले. इंजिनिअर म्हणून पाडापाडीची जबाबदारी माझ्यावर. मी ट्रंक उघडली, दोन कागद पाहिले, काहीच वाचता येईना. रद्दीवाला दारात उभा होता. चौदा किलो भरली. पैसे किती आले तेही आठवत नाही. ट्रंक मात्र चांगली होती म्हणून ठेवून घेतली! बघा शहाणपण.

चार महिन्यांनी थोरली आत्या गावी आली. तिने पहिल्यांदा विचारले, "माळ्यावरची दादांची ट्रंक कुठे आहे रे?" मी सांगितले. ती रागावली नाही. नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मानमोडीच्या साथीत गावातले कोण कोण गेले ते दादांनी रोज लिहून ठेवले होते. आपल्या घरची तीन मुले गेली, त्यांची नावे त्यातच होती. मला दोनच आठवतात."

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. तंजावरचे ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले त्याच वर्षीची गोष्ट. आत्या २०११ साली गेली. तिसऱ्या मुलाचे नाव आता कुणालाच माहीत नाही. पणजोबांनी ते लिहून ठेवले होते. ते मी विकले.

आत्याच्या पश्चात तिच्या देव्हाऱ्याच्या खणात तळाला घातलेला एक मोडी कागद निघाला. त्याच ट्रंकेतला, कधीतरी तिनेच नेलेला. तो माझ्याकडे आला आणि बरीच वर्षे पाकिटात पडून राहिला. तंजावरहून परतल्यावर मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मोडीच्या वर्गाला नाव घातले. रविवारी सकाळी दोन तास, संगणकावरून. मोडी ही लपेटीची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलत, सलग लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. हेमाडपंतांनी ती आणली असे परंपरा सांगते. १९५०च्या सुमारास ती शाळांतून गेली आणि एका पिढीत आपण आपल्याच कागदांना परके झालो. २०१४ साली संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला जागा मिळाली. संगणकाला मोडी येते, आपल्याला नाही!

दीड वर्षाने तो कागद मला लागला. अकरा नावे होती आणि प्रत्येकापुढे जोंधळ्याचे माप. साथीच्या दिवसांत धान्य दिल्याची यादी. दोन नावांवर आडवी रेघ आणि पुढे 'मयत'. मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यातल्या एका घरी जाऊन त्यांना त्यांच्या पणजोबांचे नाव सांगितले. त्या घरात ते कुणालाच माहीत नव्हते. घरातल्या वृद्ध काकूंनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि नातवाला वहीत लिहायला सांगितले. एका कागदाने एवढे केले. चौदा किलोंनी काय केले असते, याचा हिशेब मी करत नाही.

तर मंडळी, आता आपल्या मंडळाविषयी. आपल्यातले कित्येक जण पीण्यात आले तेव्हा इथे रस्ते नव्हते. कुणी बेळगावहून, कुणी इचलकरंजीहून, कुणी सोलापूरहून. एका खोलीत सहा जण, दिवसपाळीचे तीन आणि रात्रपाळीचे तीन, अंथरुणे तीच! लेथवर, मिलिंगवर, फाउंड्रीत हात काळे करून पहिल्या गणपतीची वर्गणी जमवली. आज पीण्यात मेट्रो आली. पण पहिल्या वर्षीचे पावतीपुस्तक कुठे आहे? पहिल्या मूर्तीचा फोटो कुणाकडे आहे? मी चौकशी केली. जुन्या स्मरणिकांचे चारच अंक सापडले, त्यांतल्या एकाला उंदीर लागलेले. उंदीर बाप्पाचे वाहन आहे, पण सगळेच त्याला नैवेद्य म्हणून द्यायचे नसते!

मी तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, एक लोखंडी कपाट. भिंतीपासून चार बोटे दूर, जमिनीपासून वीतभर वर. त्यात स्मरणिका, पावत्या, पत्रे, फोटो. एका वहीत नोंद करायची की काय आले, कुणाकडून आले, केव्हा आले. आणि ज्या क्रमाने आले तो क्रम मोडायचा नाही. कागद कुणाशेजारी होता यावरूनही अर्थ लागतो.

दुसरी, उत्सवातला एक रविवार कागदांसाठी. प्रत्येकाने घरची जुनी कागदपत्रे आणावीत. आपली मुले ती स्कॅन करतील आणि मूळ कागद त्याच दिवशी ज्याचा त्याच्या घरी परत जाईल. प्रत द्यायची की नाही हे घरच्यांनी ठरवावे. एक पथ्य पाळावे लागेल. कुणाच्या कर्जाचा, वाटणीचा, भांडणाचा कागद असेल तर तो लगेच व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही. जुना कागद जिवंत माणसालाही दुखावू शकतो. याच दिवशी ज्येष्ठांच्या आठवणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करू. काका-काकूंचा आवाज हाही दस्तऐवजच आहे.

तिसरी, दहा रविवारांचा मोडी वर्ग. मला जेवढे येते तेवढे मी शिकवीन. पुढचे आपण मिळून शिकू.

घरी कागद असतील तर काही साध्या गोष्टी सांभाळा. लॅमिनेशन करू नका, एकदा केले की कागद पुन्हा सुटा होत नाही. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा, त्या गंजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेले सुती कापड वापरा. फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे आणि साल लिहा. तंजावरला कपाटात वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांची पुरचुंडी ठेवण्याची पद्धत आहे, किडीसाठी. पुरचुंडी कागदाला चिकटून मात्र ठेवू नका. आणि संग्रह मोठा असेल तर विद्यापीठाला किंवा चांगल्या संस्थेला द्या. पण देताना तीन प्रश्न विचारा. सूची करणार का? लोकांना पाहू देणार का? आम्हाला प्रत देणार का? उत्तर लेखी घ्या.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन अटींकडे येतो. लेखणी थांबू नये ही गणपतीची अट आपल्या पूर्वजांनी पाळली. हात न उचलता लिहायची लिपीच त्यांनी वापरली. राजाच्या दरबारात लिहिले, सावकाराच्या ओटीवर लिहिले, साथीच्या दिवसांतही लिहिले. अर्थ कळल्याशिवाय पुढे जाऊ नका ही व्यासांची अट मात्र आपल्या वाट्याला आली आहे, आणि ती अजून पुरी व्हायची आहे.

जाता जाता एवढेच. आज घरी गेल्यावर माळ्यावर, दिवाणाखाली, गोदरेजच्या कपाटावर एक नजर टाका. आणि रद्दीवाला दारात आला तर त्याला म्हणा, "जरा थांब बाबा, आधी बघून घेतो."



गणपती बाप्पा मोरया!